गरम झाली की रुसणारी गाडी
वाचकांचे प्रश्न, गॅरेजमधली उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांतली चार निवडली आहेत. चारही जुन्या, पण पेट्रोल-इंजेक्शनच्या गाड्यांची. कार्बोरेटरवाल्यांनी रागावू नये, पुढच्या अंकात तुमची पाळी.

प्रश्न : काका, नमस्कार. माझ्याकडे १९८३ची मर्सिडीज २३०ई आहे. बाबा कुवेतहून परत आले तेव्हा सोबत आणली होती. सकाळी अर्ध्या सेल्फवर सुरू होते. लोणावळ्यापर्यंत लोण्यासारखी चालते. तिथे चहाला थांबलो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी परत आलो की नुसता सेल्फ मारत बसायचं. पाच-सहा वेळा मारल्यावर खोकत खोकत उठते, मग पुढे काही तक्रार नाही. गंमत म्हणजे पाच मिनिटांत निघालो तर लगेच सुरू होते. रात्रभर उभी राहिली तरीही होते. प्लग, वायरी, कॉइल आणि दोन इंजेक्टर बदलून झाले. आता पंप बदला म्हणतात. दुसरे एक मेकॅनिक म्हणतात, हे इंजेक्शनचं लफडंच काढून टाका, कार्बोरेटर बसवून देतो. काय करू?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : कार्बोरेटर बसवू नका. हे आधीच लिहून टाकतो, कारण बाकीचं उत्तर लांब आहे आणि तेवढ्यात तुम्ही गाडी त्यांच्याकडे नेऊन लावाल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तुम्ही ‘गंमत म्हणजे’ म्हणून लिहिलंय. पाच मिनिटांत सुरू होते, वीस मिनिटांनी होत नाही, रात्रीनंतर होते. रोग या वाक्यातच आहे. प्लग किंवा कॉइल बिघडली असती, तर तिने घड्याळ बघून त्रास दिला नसता.

तुमच्या गाडीत बॉश कंपनीची के-जेट्रॉनिक नावाची इंजेक्शनची व्यवस्था आहे. यातला ‘के’ म्हणजे सतत या अर्थाच्या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर. इंजिन चालू असेपर्यंत चारही इंजेक्टर अखंड फवारत असतात. नव्या गाड्यांसारखं संगणकाने उघड-बंद करणं इथे नाही. सगळा खेळ दाबाचा. मागच्या ऍक्सलजवळ, गाडीच्या पोटाखाली पंप आहे. तो साधारण पाच-साडेपाच बारने पेट्रोल पुढे ढकलतो. इंजेक्टरला आत एक स्प्रिंग असते आणि दाब सव्वातीन-साडेतीन बारच्या आसपास गेला की ती उघडते.

आता तुम्ही चहाला थांबता तेव्हा काय होतं ते बघा. इंजिन बंद, पंखा बंद, पाणी फिरायचं थांबलं. इंजिनची सगळी धग बोनेटखाली कोंडते. म्हणून बंद केल्यावरची पंधरा-वीस मिनिटं इंजेक्टरच्या नळ्या चालू गाडीपेक्षा जास्त तापतात. पेट्रोलमधले हलके भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळायला लागतात. ते उकळू नये म्हणून गाडी बंद झाल्यावरही नळ्यांमध्ये दाब टिकून राहावा लागतो. कुकरची शिट्टी लावली की आतलं पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तसंच. दाब गळून गेला की पेट्रोलची वाफ होते. मग तुम्ही सेल्फ मारता तेव्हा इंजेक्टरपर्यंत पेट्रोल पोचायच्या आधी ती वाफ हुसकावून लावावी लागते. तुमचे पाच-सहा सेल्फ त्या कामात जातात. पाच मिनिटांत निघालात तर नळ्या अजून तेवढ्या तापलेल्या नसतात. रात्रीत सगळं थंड होतं, त्यामुळे दाब नसला तरी भागतं.

थोडक्यात, गाडी बंद झाल्यावर दाब कुठून तरी पळतोय. कुठून, हे शोधायचं आहे. अंदाजाने नाही, गेज लावून.

हे मीही सुरुवातीला अंदाजानेच करायचो. १९८२ साली मी मस्कतला एका गॅरेजमध्ये लागलो. पुण्यात ऍम्बॅसेडर आणि फियाटचे कार्बोरेटर झोपेत उघडणारा माणूस मी. तिथे सगळीकडे मर्सिडीज आणि सगळ्यांना इंजेक्शन. एक म्हातारे गिऱ्हाईक होते, त्यांची गाडी दर शुक्रवारी मशिदीबाहेर अडायची. नमाजाला जेवढा वेळ लागतो, नेमका तेवढ्यातच ती रुसायची. मी प्लग बदलले, कॅप बदलली, आणि छाती ठोकून एक पंपही बदलला. पुढच्या शुक्रवारी म्हातारबाबा टॅक्सीने गॅरेजला आले. काही बोलले नाहीत, फक्त किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. फोरमनने मला बाजूला घेतलं, लाकडी पेटीतून गेज काढलं आणि म्हणाला, आज तू काही बदलायचं नाहीस, फक्त बघायचं. पंप मी नवीन घातला होता, पण त्याच्या तोंडावरचा वॉल्व्ह जुन्याचाच काढून बसवला होता. गळत तोच होता.

तर गेज. शून्य ते दहा बारचं, मध्ये बंद-उघड करायची चावी असलेलं. फ्युएल डिस्ट्रिब्युटर म्हणजे प्रत्येक इंजेक्टरला पेट्रोल मोजून वाटणारा भाग, आणि वॉर्म-अप रेग्युलेटर म्हणजे इंजिन थंड असताना पेट्रोल जरा जास्त सुटू देणारा. पहिल्याकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या नळीत गेज बसतं. चावी रेग्युलेटरच्या बाजूला ठेवायची. चावी बंद केली की गेज पंपाचा पूर्ण दाब दाखवतं. उघडी ठेवली की कंट्रोल प्रेशर, म्हणजे रेग्युलेटरने ठरवलेला दाब दाखवतं. तो दाब गरम इंजिनावर साधारण साडेतीन बारच्या आसपास हवा. तुमच्या गाडीची सकाळ चांगली आहे आणि चालतेही नीट, म्हणजे हे दोन्ही दाब ठीक असणार. तरी वहीत लिहून ठेवा.

आता गाडी चांगली गरम करा, चावी उघडी ठेवून इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. काटा पहिल्यांदा झपकन खाली येईल, तेवढं बरोबर आहे. इंजेक्टर उघडतो त्याच्या जरा खाली येऊन तो थांबला पाहिजे. अर्ध्या तासाने अडीच बारच्या वर असेल तर तुमचा प्रश्न दुसराच आहे, मला पुन्हा लिहा. पण माझी खात्री आहे की तुमचा काटा दहा मिनिटांत शून्याला टेकेल.

टेकला की मग चोर शोधायचा. मी या क्रमाने जातो. पहिला ऍक्युम्युलेटर, पंपाशेजारचा तो पत्र्याचा गोल डबा. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. दाब धरून ठेवणं हेच त्याचं काम. त्याच्या मागच्या टोकाची बारीक नळी काढा आणि पंप चालवा. तिथून पेट्रोल आलं की पडदा फाटलाय. या डब्याला दुरुस्ती नाही, नवीनच घालायचा. दुसरा, पंपाच्या तोंडावरचा चेक वॉल्व्ह. टाकीकडून पंपाला येणारी रबरी नळी गाडी बंद केल्याबरोबर पकडीने दाबा, पकडीला कापड गुंडाळून. आता काटा टिकला तर पेट्रोल पंपातून उलटं टाकीत जात होतं. हा वॉल्व्ह सुटा मिळतो. पंप बदलायचं कारण नाही. तुमच्या मेकॅनिकना हे वाक्य वाचून दाखवा. बसवताना तांब्याचे वॉशर नवे घाला. जुना वॉशर पुन्हा वापरून वाचलेले दहा रुपये नंतर रस्त्यावर मोजावे लागतात. तिसरं, परत टाकीकडे जाणारी नळी दाबून बघा. ती दाबल्यावर टिकलं तर डिस्ट्रिब्युटरमधल्या प्रेशर रेग्युलेटरची रबरी रिंग कडक झालीय.

हे तिन्ही साफ निघाले तरच इंजेक्टर आणि कोल्ड स्टार्ट वॉल्व्हकडे या. कोल्ड स्टार्ट वॉल्व्ह म्हणजे थंड इंजिन सुरू होताना जादा पेट्रोल फवारणारा, तो दोन स्क्रूंवर असतो. काढा, टोक कोरडं पुसा आणि एक मिनिट बघत बसा. थेंब धरला तर गळतोय. त्याचं एक जास्तीचं लक्षण असतं, सुरू होताना काळा धूर आणि पेट्रोलचा वास. तुम्ही तसं लिहिलेलं नाही, म्हणून मी त्याला शेवटी ठेवलं.

एवढं लक्षात ठेवा की हे पाच बारचं पेट्रोल आहे. बोल्ट सैल करण्याआधी त्यावर फडकं गुंडाळा, नाहीतर डोळ्यात जाईल. फिल्टरची जोडणी सोडताना दोन पाने लागतात, एक धरायला आणि एक फिरवायला. एकाच पान्याने ओढलंत तर नळी पिळवटते. इग्निशन बंद, गॅरेजचं दार उघडं, आणि अग्निशामक नळकांडं हाताशी. ‘डिकीत आहे’ म्हणजे हाताशी नव्हे.

कार्बोरेटरबद्दल एवढंच की या व्यवस्थेत गुंतागुंत नाही, फक्त ती बघायला गेज लागतं. गेज नसलेल्या माणसाला ती गुंतागुंतीची वाटते. अशा कितीतरी गाड्यांना नंतर कार्बोरेटर, नाहीतर थेट डिझेल इंजिन बसलं. काढलेला डिस्ट्रिब्युटर बहुतेक वेळा भंगारात गेला. आज तोच शोधत लोक फिरतात.

प्रश्न : मी मूळचा सांगलीचा, वीस वर्षं न्यू जर्सीत आहे. हौसेने १९८८ची व्होल्व्हो २४० घेतली. टाकी पूर्ण भरलेली असताना उत्तम चालते. काटा पावावर आला की चढावर आणि वळणावर झटके देते, आणि मागच्या सीटखालून गुंSSS असा आवाज येतो. इथल्या दुकानात फ्युएल पंप बदलायला सांगितलंय. कोणता पंप, हे त्यांनाही नीट सांगता येईना.
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : ‘कोणता’ हाच प्रश्न आहे. तुमच्या गाडीत दोन आहेत. टाकीच्या आत एक छोटा, गाडीखाली एक मोठा. मोठा ढकलायला पहिलवान आहे, पण ओढायला आळशी. त्याच्या तोंडाशी पेट्रोल आयतं आणून द्यावं लागतं. छोट्याचं काम तेवढंच. टाकी भरलेली असते तेव्हा पेट्रोल वजनानेच मोठ्यापर्यंत पोचतं आणि छोट्याने काम सोडलेलं कळत नाही. पातळी उतरली की मोठा हवा खातो आणि बोंबलतो. तो गुंगुं आवाज त्याचाच. असा महिनोन्‌महिने चालला तर तोही बसेल, म्हणून उशीर करू नका.

पण छोटा पंप जळलाय असं लगेच धरू नका. डिकीचा गालिचा उचला, खाली पत्र्याचं झाकण आहे. बॅटरी काढा, टाकी जवळजवळ रिकामी असू द्या, आणि हे काम उघड्यावरच करा. सगळा संच वर काढल्यावर छोट्या पंपापासून वरच्या धातूच्या नळीपर्यंत बोटभर रबरी नळी दिसेल. या वयाच्या गाड्यांत पंप छान फिरतो, पण ही नळी चिरलेली किंवा सुटलेली असते. पंप बिचारा टाकीतलं पेट्रोल टाकीतच कारंज्यासारखं उडवत बसतो. मी उघडलेल्या एकीत नळी बोटाने दाबल्यावर काळ्या चिखलासारखी हातावर आली होती.

नवीन नळी घेताना दुकानात ‘फ्युएल होज’ एवढंच म्हणू नका. साधी चांगली नळी आतून पेट्रोल सहन करते, बाहेरून नाही. टाकीत ती दोन्हीकडून बुडते. तुमच्याकडे बुडीत वापरासाठी आर-१० असा शिक्का असलेली मिळते, तीच घ्या. थोडकी मिळते आणि महाग मिळते. पण तुम्हाला बोटभरच लागणार आहे. गाळणीची जाळीही त्याच वेळी बदला आणि झाकणाखालची रबरी रिंग नवी घाला, नाहीतर डिकीत पेट्रोलचा वास राहील आणि घरचे गाडीत बसणार नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांची १९८१ची २८०ई आहे. गेली दोन वर्षं थंड असताना ऍक्सिलरेटर दाबला की गाडी आधी गचकते, मग उचलते. लोक म्हणतात ई-२० पेट्रोलमुळे. आम्ही स्वतः ऊसवाले, त्यामुळे इथेनॉलला शिव्याही देता येत नाहीत. खरंच तेच कारण आहे का?
– एक वाचक, शिरोळ, जि. कोल्हापूर

उत्तर : तुमच्या उसाचा थोडा हात आहे, पण सगळा दोष त्याच्या माथी मारू नका.

हिशेब असा. एक किलो निव्वळ पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलो हवा लागते. २० टक्के इथेनॉलच्या मिश्रणाला साधारण १३.५ किलो पुरते, कारण इथेनॉल स्वतःचा ऑक्सिजन घेऊनच येतो. तुमच्या गाडीला हे कळत नाही. तिच्यात एक गोल थाळी आहे. इंजिन हवा ओढतं तेव्हा ती उचलली जाते आणि जेवढी उचलेल तेवढं पेट्रोल सुटतं. पेट्रोल कोणतं, हे थाळी विचारत नाही. त्यामुळे आता हवा-पेट्रोलचं मिश्रण सात-आठ टक्के पातळ जातं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. गरम इंजिन ते खपवून घेतं, थंड इंजिन गचकून सांगतं.

पण मिश्रणाचा स्क्रू फिरवण्याआधी चोरटी हवा शोधा. थाळीच्या पुढे कुठेही भेग असेल तर न मोजलेली हवा आत शिरते आणि परिणाम हाच दिसतो. इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि ऑइल भरायचं झाकण काढा. इंजिन लगेच डगमगलं तर ठीक. काहीच फरक पडला नाही तर दुसरीकडून आधीच हवा येतेय. मग थाळीपुढचा रबरी बूट आणि इंजेक्टरच्या बुडाची रबरं बघा. चाळीस वर्षांत ती बांगडीसारखी कडक झालेली असतात. मी ब्रशने साबणाचं पाणी लावतो. जिथे लावल्यावर आवाज बदलतो, तिथे भोक. गरम इंजिनावर स्प्रे मारून हे शोधणारे पाहिलेत, आणि त्यातल्या एकाच्या भुवया जळलेल्याही पाहिल्यात.

थाळीही मोकळी आहे ना ते बघा. इंजिन बंद, पंप थोडा वेळ चालवून थांबवलेला, आणि चुंबकाने थाळी हळूच उचला. वर जाताना सगळीकडे सारखा जोर लागला पाहिजे, मध्ये अडकायला नको. पंप चालू ठेवून क्षणभर उचललीत तर सहाही इंजेक्टर चीं चीं करून किंचाळतील. एखादा गप्प राहिला तर तोच तुंबलाय. क्षणभरच म्हणतोय, कारण ते सगळं पेट्रोल सिलिंडरकडे जातं.

एवढं करूनही गचकत असेल तरच स्क्रू. तीन मिलिमीटरची लांब ऍलन की लागते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की मिश्रण जाड होतं. पाव आटासुद्धा जास्त होतो, त्याच्याही निम्म्याने सरका. प्रत्येक वेळी की बाहेर काढा आणि मगच रेस द्या. की आत ठेवून रेस दिलीत तर ती थाळीच्या दांड्याबरोबर वर जाते आणि काहीतरी वाकवते. धुराच्या तपासणीचं यंत्र जवळ असलेल्या माणसाकडेच हे करा, कानावर विसंबू नका.

इथेनॉलचं खरं दुखणं दुसरीकडे आहे. ते टाकीतला जुना डिंक सोडवून पुढे पाठवतं आणि पाणी धरून ठेवतं. डिस्ट्रिब्युटरमध्ये पेट्रोल मोजायच्या खाचा ०.२ मिलिमीटर रुंद असतात. तिथे गंजाचा कण गेला की संपलं. म्हणून या वर्षी फिल्टर दोनदा बदला आणि रबरी नळ्या सगळ्या नव्या, आर-९ शिक्क्याच्या घाला. कोणी ‘सुईने खाचा साफ करून देतो’ म्हणाला तर गाडी घेऊन घरी या. सुई घातलेला एक डिस्ट्रिब्युटर माझ्या टेबलावर आहे. मी त्याचा पेपरवेट केलाय.

प्रश्न : काका, आमच्या मावशीची २००१ची झेन अडीच वर्षं गॅरेजमध्ये उभी आहे. नवीन बॅटरी लावली, सेल्फ जोरात फिरतो, पण इंजिन धरत नाही. ही क्लासिक नाही, तरी उत्तर द्याल का?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : देतो. अजून वीस वर्षांनी हिलाही लोक क्लासिक म्हणतील.

सेल्फ मारू नका आता, थांबा. मागचं दार उघडा, एकाला चावी फक्त इग्निशनवर न्यायला सांगा आणि सीटजवळ कान लावा. दोन-तीन सेकंद बारीक घर्र आवाज येऊन थांबला पाहिजे. आला तर पंप जिवंत आहे. नाही आला तर फ्यूज आणि रिले आधी बघा, कारण ते फुकटात बघता येतं. दोन्ही ठीक असतील तर पंप आत चिकटलाय.

पण दोन्ही बाबतीत आधी टाकी रिकामी करा. झाकण उघडून वास घ्या. पेट्रोलऐवजी जुन्या वॉर्निशसारखा आंबट वास आला तर त्यातलं पेट्रोल गेलं. अशा पेट्रोलवर नवीन पंप बसवला तर आठवड्यात तोही चिकटेल. टाकी खाली उतरवून धुवा, वाळवा, फिल्टर नवा. इंजेक्टर सेवा करणाऱ्याकडे देऊन फवारा बघून घ्या. पहिल्या वेळी पाच लिटर तरी ताजं पेट्रोल भरा. हा पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. मावशी रिझर्व्हवर गाडी चालवायच्या का ते विचारा, कारण तसं असेल तर पंपाचा दोष अडीच वर्षांपेक्षा जुना आहे.

काढलेलं पेट्रोल गटारात ओतू नका. आणि ‘दोन लिटर स्कूटरमध्ये घालून संपवतो’ असंही नको, तिचा कार्बोरेटर घेऊन तुम्ही पुढच्या महिन्यात मलाच लिहाल.